सातवा रकाना

नवव्या दिवशीही आकडा तोच.
एक पूर्णांक बेचाळीस.
बोडीच्या गाळातून काढलेले हे जिवाणू
पहिल्या रात्री दुपटीवर दुपटी करत होते,
सकाळी फ्लास्क ताकासारखा गढूळ.
मग साखर संपली
आणि आलेखावरची रेघ
धानाच्या बांधीसारखी सपाट झाली.

शालिक येरणे काचसामान धुता धुता म्हणाला,
"मॅडम, आता काऊन मोजता?
वाढ थांबली तं मोजाचं काय राह्यते?"

पवनीजवळच्या आमच्या कॉलेजात एप्रिलमध्ये
इनक्युबेटर फक्त तापवू शकतो, निववू शकत नाही.
काटा तिसावर लावला तरी आत
खोलीएवढेच एकोणचाळीस.
म्हणून शालिकनेच माठ आणला,
भोवती ओलं पोतं,
आत नळ्या उभ्या राहाव्यात म्हणून बांबूच्या कामट्या.
अठ्ठावीस. दुपारी तीनला सव्वा अठ्ठावीस.
विद्यापीठाला पाठवलेल्या कागदात
मी त्याला 'जलकुंड' म्हटलं आहे.

आधी खात्री करायला हवी होती.
सपाट रेघ फसवी असते,
जितके जन्मतात तितकेच मरत असतील
तरी ती सपाटच दिसते.
म्हणून पेनिसिलिन घातलं.
ते वाढणाऱ्यालाच गाठतं,
भिंत बांधताना, वीट हातात असताना.
कोवळा फ्लास्क दुपारपर्यंत निवळला.
ह्या जुन्यात कुणालाच काही झालं नाही.
म्हणजे कोणी बांधत नव्हतं.
सगळे घरातच होते.

मग निळा रंग. रेझाझुरिन, थेंबभर.
आत कोणी जळण जाळत असेल
तर निळ्याचं गुलाबी होतं.
कोवळ्यांनी चाळीस मिनिटांत केलं.
जुन्यांची नळी, सारखीच संख्या मोजून घेतलेली,
आणि तिच्या शेजारी
उकळून मारलेली एक,
निळीच राहायला ठेवलेली.

दर अर्ध्या तासाने मी बघते.
निळं.
निळं.

माहेरच्या दाराच्या चौकटीवर
बाबांनी आखलेल्या रेघा आहेत,
दर पोळ्याला एक.
बाबा सुतार, पेन्सिल कायम कानावर.
शेवटच्या दोन रेघा एकमेकींवर चढलेल्या,
पंधरावं वर्ष, सोळावं.
तिथून पुढे पेन्सिल कानावरच राहिली.
नंतरच्या बावीस वर्षांत
मी काय काय जाळलं, किती,
ते कुठल्याच लाकडावर नाही.

चौथ्या तासाला वीज गेली.
नळीमागे पांढरा कागद, त्यामागे मोबाइलचा उजेड.
जांभळट आहे की मलाच वाटतंय?
"खातेत काय पन हे?"
"आधी साठवलेलं. मग आपलंच, थोडं थोडं."
"आन् करतेत काय?"
दार धरून ठेवतात, मी म्हटलं.
मीठ बाहेर, पोटॅश आत.
फाटलं ते शिवतात. पुन्हा फाटलं, पुन्हा.
शालिकने फडका पिळला.
"मंग हे कामच हाय नं."

सहा तास दहा मिनिटांनी गुलाबी.
उकळलेली निळी ती निळीच.
भागाकार केला:
कोवळ्याच्या नवव्या हिश्श्याएवढं,
त्याहून जरा कमीच.
पण शून्य नाही. दोनदा तपासलं, शून्य नाही.

रजिस्टरात सहा रकाने छापून आलेले.
'वाढ' खाली शून्य लिहिलं.
सातवा पट्टीने आखला, आकडा भरला,
वर काय लिहावं ते सुचेना.
तसाच ठेवला.

शालिकने पोतं पुन्हा भिजवलं,
माठाखाली टपटप सुरू झाली.
उद्या रविवार, मी आठवण करून दिली.
"येतो मी," म्हणाला,
"पोतं वाळते."